हे बटण कोणाच्या ताब्यात आहे?

कंप्युटरमध्ये आधीपासून असलेले शॉर्टकट आपल्या सोयीने बदलता येतात का, असं विचारणारी बरीच पत्रं आली, म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच देतेय. उत्तरांआधी एकच गोष्ट सांगते, कारण ती प्रत्येक प्रश्नात परत परत येणारे. आपण बटण दाबतो तेव्हा ते वाटेत तीन-चार जणांच्या हातातून जातं: आधी खुद्द कीबोर्ड, मग विंडोज किंवा मॅकसारखी सिस्टिम, मग मागे चालू असलेलं एखादं सॉफ्टवेअर, आणि शेवटी समोर उघडलेला प्रोग्रॅम. जो आधी पकडतो, बटण त्याचं. त्यामुळे शॉर्टकट बदलायचा तर तो कोणी पकडलाय हे आधी शोधायचं, नाहीतर माणूस चुकीच्या सेटिंगमध्ये तासभर खपतो आणि शेवटी "होतच नाही" म्हणून सोडून देतो. शोधायची सोपी रीत म्हणजे सगळे प्रोग्रॅम मिटवून नुसत्या डेस्कटॉपवर तो शॉर्टकट दाबून बघा. तिथेही चालला तर तो सिस्टिमचा किंवा मागे चालू असलेल्या कशाचा तरी, आणि एकाच प्रोग्रॅममध्ये चालत असेल तर त्या प्रोग्रॅमचा.

प्रश्न: नमस्कार ताई, मी भाषांतराचं काम करते, दिवसभर मराठी आणि इंग्रजी असं आलटून पालटून टायपिंग. मधेच कुठलीतरी बटणं दाबली जातात आणि भाषाच बदलते, अर्धी ओळ गेल्यावर कळतं. हे बंद करता येईल का?

येईल, आणि हे आजच करून टाका, दोन मिनिटांचं काम आहे. विंडोजमध्ये भाषा बदलायचे दोन रस्ते एकाच वेळी चालू असतात. एक विंडोज बटण आणि स्पेसबार, जो आपण मुद्दाम वापरतो. दुसरा डावीकडचा ऑल्ट आणि शिफ्ट, तो जुना आहे, आणि ही दोन बटणं इतकी जवळ की डाव्या हाताची बोटं टेकली तरी पुरतं. तुमचं बहुतेक हेच होतंय.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग टाइम अँड लँग्वेज, मग टायपिंग, मग ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज असं आत जायचं, तिथे इनपुट लँग्वेज हॉट कीज अशी लिंक दिसेल. ती दाबली की एक जुन्या वळणाची छोटी खिडकी उघडते, तिच्यात 'बिटवीन इनपुट लँग्वेजेस' ही ओळ निवडून 'चेंज की सीक्वेन्स' दाबा. आता इथे दोन रकाने आहेत, एक भाषा बदलण्याचा आणि एक त्याच भाषेतला कीबोर्ड लेआउट बदलण्याचा. बरेच जण पहिलाच बदलतात आणि दुसऱ्यात कंट्रोल+शिफ्ट तसंच राहतं, मग एका भाषेला दोन कीबोर्ड लावलेले असतील तर परत तेच रडगाणं. दोन्हीकडे 'नॉट असाइन्ड' करा, ओके करा, झालं. विंडोज+स्पेसबार चालूच राहील, त्याला काही होत नाही.

प्रश्न: मॅडम, माझी दोन कामं आहेत. एक, कॅप्स लॉक मला कधीच लागत नाही, त्या जागी कंट्रोल हवंय. दोन, विंडोज+एल दाबून स्क्रीन लॉक होते ती दुसऱ्या बटणांवर न्यायची आहे आणि विंडोज+एल मला माझ्या कामाला हवंय. सेटिंग्जमध्ये खूप शोधलं, काहीच सापडत नाही.

सापडणार नाही, कारण विंडोजच्या स्वतःच्या शॉर्टकटची यादी उघडून एकेक बदलायची सोय सेटिंग्जमध्ये नाहीच. लिनक्समध्ये ती सरळ दिलेली असते (त्याबद्दल खाली लिहिलंय), विंडोजमध्ये मात्र त्यासाठी पॉवरटॉईज नावाचं मायक्रोसॉफ्टचंच मोफत सॉफ्टवेअर वेगळं टाकावं लागतं. त्यात कीबोर्ड मॅनेजर नावाचा भाग आहे. तिथे एका बटणाच्या जागी दुसरं बटण लावता येतं, एका शॉर्टकटच्या जागी दुसरा शॉर्टकट लावता येतो, एखादा नकोसा शॉर्टकट नुसता बंदही करता येतो, आणि हवं तर एका ठरावीक प्रोग्रॅमपुरताच बदल ठेवता येतो.

तुमचं पहिलं काम यात सहज होईल. कॅप्स लॉक निवडा, समोर कंट्रोल निवडा, ओके म्हणा. ओके म्हटल्यावर ते एक इशारा देतं की आता कॅप्स लॉकचं काम कुठल्याच बटणावर उरलेलं नाही, तरी पुढे जायचं का. घाबरू नका, आपल्याला तेच हवंय, पुढे जा. फक्त एक लक्षात ठेवा. हा बदल पॉवरटॉईज मागे चालू असेपर्यंतच लागू असतो, आणि ते आपण लॉगिन केल्यावर सुरू होतं. म्हणजे पासवर्ड टाकायच्या स्क्रीनवर तुमचं कॅप्स लॉक अजून कॅप्स लॉकच असतं! हात नव्या सवयीने कंट्रोल समजून तिथे गेला तर पासवर्ड कॅपिटलमध्ये पडतो आणि चुकीचा चुकीचा म्हणून सांगत राहतं. आणखी एक, जे प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू असतात त्यांच्यात हे बदल लागू व्हायला पॉवरटॉईजही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच चालवावं लागतं. एकाच खिडकीत बदल चालत नसेल तर आधी हे तपासा.

दुसरं काम मात्र होणार नाही. विंडोज+एल आणि कंट्रोल+ऑल्ट+डिलीट हे दोन विंडोजने स्वतःकडे राखून ठेवलेत, पॉवरटॉईजलाही ते देत नाही, आणि मला वाटतं ते योग्यच आहे. कंट्रोल+ऑल्ट+डिलीट मुळात आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली या इंजिनिअरने १९८१ च्या पीसीमध्ये मशीन रीस्टार्ट करायला बसवलं होतं. पुढे विंडोज एनटीने त्याला वेगळंच काम दिलं: ही तीन बटणं थेट सिस्टिमकडेच जातात, मधल्या कुठल्याही प्रोग्रॅमला ती पकडता येत नाहीत, त्यामुळे कोणी लॉगिनची हुबेहूब नकली खिडकी बनवून पासवर्ड चोरायला बसला असेल तर ही बटणं दाबल्यावर खरी स्क्रीनच समोर येते. अशी बटणं बदलता यायला लागली तर तो भरवसाच गेला. तुमच्या कामाला दुसरं एखादं अक्षर घ्या. आणि लॅपटॉपवरचं एफएन बटणही बहुतेक वेळा बदलता येत नाही, कारण ते कीबोर्ड स्वतःच्या आतच वापरून टाकतो, विंडोजपर्यंत पोचूच देत नाही.

प्रश्न: माझ्याकडे मॅक आहे. टॅब बंद करायला कमांड+डब्ल्यू दाबायला जाते आणि शेजारचा क्यू लागतो, सगळा ब्राउजरच बंद! दिवसातून तीन वेळा तरी. काही उपाय?

तुमची चिडचिड पोचली. मॅकवर याचा इलाज सिस्टिममध्येच आहे, वेगळं काही टाकायला नको. सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, तिथे कीबोर्ड शॉर्टकट्स, मग डावीकडे ॲप शॉर्टकट्स. अधिकचं चिन्ह दाबा, तुमचा ब्राउजर निवडा, आणि मेनू टायटलच्या जागी मेनूत जे नाव दिसतं ते जसंच्या तसं लिहा. जसंच्या तसं म्हणजे अगदी तसंच. सफारी असेल तर नुसतं क्विट लिहून चालत नाही, मेनूत 'क्विट सफारी' आहे तर तेवढं पूर्ण, मेनू ज्या भाषेत दिसतो त्या भाषेत आणि त्याच स्पेलिंगने, आणि काही आज्ञांच्या शेवटी तीन टिंबं असतात तर तीसुद्धा. मला ज्यांनी ज्यांनी "मॅकवर हे चालत नाही" म्हणून सांगितलं त्यातल्या बहुतेकांचं नावच अर्धं लिहिलेलं होतं.

आता नवीन शॉर्टकट कुठला द्यायचा, इथे जरा थांबा, कारण क्यूच्या आजूबाजूला गर्दी आहे. कमांड+शिफ्ट+क्यू म्हणजे लॉग आउट, कमांड+कंट्रोल+क्यू म्हणजे स्क्रीन लॉक, आणि कमांड+ऑप्शन+क्यू हाही बंद करण्याचाच एक प्रकार. म्हणून मी कंट्रोल+ऑप्शन+कमांड+क्यू सुचवेन, चार बटणं आहेत, जड आहे, पण तेच तर पाहिजे, चुकून लागणारच नाही. आणि तुमचा ब्राउजर क्रोम असेल तर हे सगळं न करताही भागेल, त्याच्या मेनूत 'वॉर्न बिफोर क्विटिंग' आहे, ते चालू केलं की कमांड+क्यू दाबून धरल्याशिवाय तो बंद होत नाही.

प्रश्न: शिफ्ट पाच वेळा दाबलं की एक खिडकी मधेच येते, स्टिकी कीज चालू करू का म्हणून. कायमची घालवायची आहे. आणि नवीन लॅपटॉपवर कोपायलटचं (मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनिसाचं) बटण आहे, ते दुसऱ्या कामाला लावता येईल का?

सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, कीबोर्ड, स्टिकी कीज, आणि तिथे स्टिकी कीजचा शॉर्टकट बंद करा. कोपायलटचं बटण हे खरं तर विंडोज+शिफ्ट+एफ२३ असा एक शॉर्टकटच पाठवतं, म्हणून पॉवरटॉईजमध्ये त्याला पकडून दुसरं काम देता येतं.

प्रश्न: ताई, माझ्या वडिलांचा डावा हात प्लास्टरमध्ये आहे, निदान दीड महिना. घरूनच काम करतात, सगळं लिखाणाचं. कॉपी-पेस्ट एका हाताने करताना त्यांचे हाल बघवत नाहीत. शॉर्टकट बदलून काही होईल का?

वरच्या प्रश्नातली जी खिडकी एकाला नकोशी झालीय तीच तुमच्या बाबांना हवी आहे! स्टिकी कीज नेमकं ह्यासाठीच आहे. ते चालू केलं की बटणं एकत्र दाबायची गरजच उरत नाही, आधी कंट्रोल दाबून सोडायचं, मग निवांत सी दाबायचं, कंप्युटर ते एकत्रच धरतो. कंट्रोल दोनदा दाबलं तर ते अडकूनच राहतं, म्हणजे ओळीने चार-पाच शॉर्टकट द्यायचे असतील तर तेही होतं, आणि परत एकदा दाबलं की सुटतं. एक काळजी घ्या, 'दोन बटणं एकत्र दाबली तर स्टिकी कीज बंद करा' अशा अर्थाचा एक पर्याय तिथेच खाली असतो, तो चालू असेल तर काढून टाका, नाहीतर मदतीला कोणी बसलं आणि दोन्ही हातांनी टायपिंग केलं की सोय आपोआप बंद, आणि बाबा विचार करत बसतील की आत्ता तर चालत होतं.

आणि दुसरी गोष्ट, जी मला फार आवडते. कॉपी, कट, पेस्टला सी, एक्स, व्ही ही अक्षरं ॲपलने १९८३ च्या लिसा कंप्युटरपासून रूढ केली, अनडूचा (केलेलं परत फिरवायचा) झेड धरून चारही झेड-एक्स-सी-व्ही डाव्या हाताखाली, म्हणजे उजवा हात माउसवर मोकळा. आयबीएमने १९८७ च्या सुमारास आपला वेगळा संच ठरवला होता: कंट्रोल+इन्सर्ट म्हणजे कॉपी, शिफ्ट+इन्सर्ट म्हणजे पेस्ट, शिफ्ट+डिलीट म्हणजे कट. विंडोजमध्ये तो आजही चालतो, आणि कंट्रोल, शिफ्ट, इन्सर्ट, डिलीट ही सगळी बटणं कीबोर्डच्या उजव्या बाजूलाही आहेत! म्हणजे बाबांना आज संध्याकाळपासून काहीही न बदलता एकट्या उजव्या हाताने कॉपी-पेस्ट करता येईल. मोठा कीबोर्ड असेल तर अगदी सहज, लॅपटॉपवर इन्सर्ट कुठे लपवलंय ते आधी बघून घ्या. फक्त त्यांना एवढं नक्की बजावून ठेवा की शिफ्ट+डिलीट लिखाणात असतानाच वापरायचं. फाइल्सच्या खिडकीत तेच दाबलं तर फाइल कट होत नाही, कायमची डिलीट होते, रिसायकल बिनमध्येसुद्धा जात नाही.

त्याउपर तीन बटणांचे शॉर्टकट राहिले तर पॉवरटॉईजमध्ये एखाद्या बिनकामाच्या बटणाला, स्क्रोल लॉक म्हणा किंवा पॉज, तो शॉर्टकट देऊन टाका. प्लास्टर निघालं की काढता येतो. बाबांना लवकर बरं वाटू दे.

प्रश्न: लिनक्स वापरतो. तिथे कसं?

लिनक्सचे डेस्कटॉप वेगवेगळे असतात. ग्नोम हा डेस्कटॉप असेल तर सेटिंग्ज, कीबोर्ड, 'व्ह्यू अँड कस्टमाइझ शॉर्टकट्स'. हव्या त्या ओळीवर क्लिक करून नवीन बटणं दाबा, ती आधीच कुठे वापरात असतील तर तो सांगतो आणि विचारतो. बॅकस्पेस दाबलं की तो शॉर्टकट बंद. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपमध्येही सिस्टिम सेटिंग्जमध्ये शॉर्टकट्स म्हणून वेगळं पानच आहे.

प्रश्न: ताई, मी एमएला आहे, प्रबंध वर्डमध्ये लिहितेय. वेबसाइटवरून उतारा आणला की त्याचा रंग, फाँट सगळं सोबत येतं. नुसता मजकूर पेस्ट करायला माझा स्वतःचा शॉर्टकट करता येईल का?

येईल की! वर्डने यात कायम मोकळा हात दिलाय. फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन, आणि तिथे अगदी खाली कीबोर्ड शॉर्टकट्सच्या पुढे कस्टमाइझ असं बटण आहे, ते पटकन दिसत नाही, खाली बघ. डावीकडच्या यादीत 'ऑल कमांड्स' निवड, उजवीकडे 'पेस्टटेक्स्टओन्ली' शोध, सगळं एकत्र लिहिलेलं आहे. मग 'प्रेस न्यू शॉर्टकट की'च्या चौकटीत जाऊन तुला हवी ती बटणं प्रत्यक्ष दाबायची, नाव टाइप करायचं नाही. दाबल्या दाबल्या खाली 'करंटली असाइन्ड टू' अशी ओळ येते. ती वाच, घाईत पुढे जाऊ नकोस. तिथे 'अनअसाइन्ड' असेल तरच ती बटणं मोकळी आहेत, नाहीतर जे नाव दिसतंय त्याचा शॉर्टकट तू आत्ता हिसकावून घेतेयस. मग असाइन दाब, क्लोज कर. कंट्रोल+ऑल्ट आणि एखादं अक्षर असं शक्यतो घेऊ नकोस, काही कीबोर्ड लेआउटमध्ये उजव्या ऑल्टने विशेष चिन्हं येतात आणि विंडोज त्या उजव्या ऑल्टला कंट्रोल+ऑल्टच समजतं, मग ते चिन्ह टाइपच होत नाही आणि कारण कळत नाही.

एक्सेलमध्ये अशी खिडकी शोधू नकोस, तिथे ती नाही. तिथे हवी ती आज्ञा वरच्या क्विक ॲक्सेस टूलबारवर पहिल्या जागी ठेव, मग ऑल्ट आणि १ दाबलं की ती चालते, दुसऱ्या जागेला २, असं पुढे.

आणि त्या वर्डच्या खिडकीत 'सेव्ह चेंजेस इन' असा एक रकाना आहे, तिथे नॉर्मल असू दे, म्हणजे शॉर्टकट प्रत्येक डॉक्युमेंटला लागू होईल. तो त्या कंप्युटरवरच्या नॉर्मल टेम्पलेटमध्ये साठतो, त्यामुळे कॉलेजच्या लायब्ररीतल्या मशीनवर बसलीस तर तो तिथे नसेल. तिथे उतारा पेस्ट झाल्यावर लगेच कंट्रोल दाबून सोड आणि टी दाब, तेच काम होतं.