पन्नाशी, धंदा आणि खिशातली वही

"धंदा करायचा तो पंचविशीत, मॅडम. आता ५२ व्या वर्षी लोक हसतील." खुर्चीत नीट टेकायच्या आतच ते बोलून मोकळे झाले. पॅकिंग मशिनच्या देखभालीत २६ वर्षं घालवलेले गृहस्थ. कंपनीने मुदतीआधी निवृत्तीचा पर्याय पुढे केला होता, आणि रात्रभर येरझाऱ्या बघून कंटाळलेल्या बायकोने त्यांना सल्ल्यासाठी माझ्याकडे धाडलं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

हे वाक्य मला नवीन नाही. चाळिशीतलेही म्हणतात. बाविशीतली पोरं उलटं रडतात, "आम्हाला कोण विचारणार?"

मी विचारलं, "पण करायचं काय ठरवलंय?"

"ॲप. कपडे भाड्याने द्यायचं. भाचा म्हणाला, चालेल."

"यातलं तुम्हाला काय येतं?"

"काहीच नाही. पण हल्ली असंच करतात ना?"

खरी गोम इथे होती. धंदा हे तरुणांचं काम, हा समज माणसाला नुसता अडवत नाही. अडूनही जो पुढे जातो त्याला तो तरुणांचाच धंदा करायला लावतो.

मी त्यांना एक अभ्यास सांगितला. अमेरिकेत चार अर्थशास्त्रज्ञांनी सरकारी नोंदींवरून सुमारे २७ लाख संस्थापकांची वयं तपासली. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. किमान एक तरी माणूस कामाला ठेवण्याइतका उद्योग ज्यांनी वाढवला, त्यांचं सुरुवातीचं सरासरी वय जवळपास ४२ निघालं. हजारात एखादीच, अशा सर्वांत वेगाने वाढलेल्या कंपन्यांकडे पाहिलं, तर सरासरी ४५. १९ व्या वर्षी फेसबुक काढणारा मार्क झुकेरबर्ग डोळ्यांत भरतो, म्हणून तोच नियम वाटतो.

"म्हणजे माझं जमेल!" ते सावरून बसले.

"थांबा." उत्साहाच्या भरात लोक पुढचं ऐकत नाहीत. त्याच अभ्यासात असंही दिसलं, की ज्यांनी आधी त्याच क्षेत्रात काम केलं होतं त्यांना यशाची शक्यता बरीच जास्त होती. मॉरिस चँग यांनी तैवानमध्ये टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी काढली १९८७ साली, ५५ व्या वर्षी. पण त्याआधी २५ वर्षं ते टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीत चिपच्याच धंद्यात मुरले होते. नुसत्या वयाला कुणी काही देत नाही.

मग मी त्यांना विचारलं, "सुट्टीच्या दिवशी तुम्हाला फोन कोणाचे येतात?"

त्यांनी शर्टाच्या खिशातून एक वही काढली. कणा चिकटपट्टीने जोडलेला, पानांच्या कडा तेलाने पिवळ्या. कुठलं मशिन, कसला आवाज, दोष कशात निघाला, सगळं बारीक अक्षरात. मागच्या पानावर नंबर होते: नोकरी बदलून इतर कारखान्यांत गेलेले जुने सहकारी, मशिन अडलं की यांनाच विचारणारे. मोजले तर ११. एकाकडूनही आजवर पैसे घेतलेले नव्हते.

ॲपचा विषय परत निघाला नाही.

वय कुठेच आड येत नाही, असं मात्र मी कुणाला सांगत नाही. पंचविशीत बुडालेला पैसा पुन्हा कमवायला हातात वर्षं असतात, पन्नाशीत तेवढी नसतात. म्हणून पुढच्या भेटीला त्यांच्या पत्नीलाही बोलावलं आणि तिघांनी बसून कागदावर तीन आकडे मांडले. घरखर्चाचे किती महिने हाताशी हवेत, कुठल्या ठेवीला हात लावायचा नाही, आणि किती गेले की थांबायचं. तिसऱ्या आकड्यावर दोघांची चांगलीच जुंपली. मी मध्ये पडले नाही. ते भांडण धंद्याआधीच झालेलं बरं. नशिबाने त्यांच्या कामाला भांडवल फार लागत नव्हतं: अवजारं होती, दुकान नको होतं.

दोन महिन्यांनी आले ते पडल्या चेहऱ्याने. पहिलं काम मिळालं होतं, मशिन दुपारपर्यंत सुरूही झालं होतं.

"मग?"

"चहा पिऊन निघून आलो. पैसे मागायला जीभच रेटेना, मॅडम. जुना मित्र तो."

त्या दिवशी आम्ही तासभर एकच वाक्य घोकलं: "कामाला येण्याआधी माझी फी सांगतो." पहिल्या दहा वेळा ते 'फी' शब्दापाशी खाकरत होते.