आयटी पार्कची वाट पाहायची की पुणे गाठायचे?

ताई, सप्रेम नमस्कार.

मुलगी सांगलीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इथेच आयटी पार्क होणार म्हणतात, मग तिला पुण्या-बंगळुरूला पाठवावे का, असे तुम्ही विचारले आहे. पहिली चार-पाच वर्षे नक्की पाठवा.

नुसती इमारत आणि इंटरनेट दिले की कंपन्या रुजतात असे नाही. त्या रुजतात एका कंपनीत शिकून दुसरी काढणाऱ्या माणसांमुळे. कॅलिफोर्नियात १९५७ साली आठ जणांनी ट्रान्झिस्टरचे एक संशोधक शॉकली यांची प्रयोगशाळा सोडून फेअरचाइल्ड ही चिप बनवणारी कंपनी काढली. तिथल्याच दोघांनी १९६८ मध्ये इंटेल. बंगळुरूत भारतीय विज्ञान संस्था, विमाने बनवणारी एचएएल आणि इलेक्ट्रॉनिक्सची बीईएल या सरकारी कंपन्या यांच्यामुळे तंत्रज्ञ आधीपासून होते, १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकी चिप कंपनी आली. पुढे अ‍ॅमेझॉन सोडलेल्या दोघांनी २००७ मध्ये फ्लिपकार्ट काढली आणि फ्लिपकार्टमधून बाहेर पडलेल्यांनी २०१५ मध्ये फोनपे. तुमच्या विट्याकडची गलाईची, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याची दुकाने देशभर अशीच पसरली: गाववाल्याच्या दुकानात हात बसला की पोरगा दुसऱ्या शहरात स्वतःची भट्टी लावतो.

दोन-तीनच कंपन्या असलेल्या गावात इथेच अडते. नोकरी गेली तर दुसरीसाठी बिऱ्हाड हलवावे लागते, म्हणून चांगली मुले यायला कचरतात. शिकवलेला माणूस वर्षभरात पुण्याला जाईल या धास्तीने मालकही अवघड काम देत नाही, साधी देखभाल तेवढी देतो. मग शिकणे थांबते, पगारही थांबतो. झोहो या सॉफ्टवेअर कंपनीने २०११ मध्ये तमिळनाडूतल्या तेनकासी या छोट्या गावाजवळ कार्यालय थाटले, ते चालले. पण त्यांचे स्वतःचे सॉफ्टवेअर आणि दूरदूरचे ग्राहक आधीच तयार होते. तुमची मुलगी असा अनुभव आणि ग्राहक गाठीशी घेऊन सांगलीत परतली, तर ते सांगलीच्याही मोठ्या कामाचे ठरेल.

शहर ठरवताना तिने जावा, टेस्टिंग असे आपले एकच कौशल्य घ्यावे आणि नोकरीच्या साइटवर शून्य ते तीन वर्षे अनुभवाच्या जागा महिनाभर, आठवड्यातून एकदा पाहाव्यात. जाहिराती मोजू नका, वेगवेगळ्या कंपन्या मोजा. एकच जागा चार एजन्सी टाकतात, त्यामुळे आकडा फुगतो. माझा ठोकताळा असा: वीसही कंपन्या निघाल्या नाहीत, तर ते शहर सोडा. बहुतेक कौशल्यांसाठी पुणे पुरेल, आणि घरही जवळ. खोली कामाच्या बाजूलाच घ्या. पुण्याच्या एका टोकाला हिंजवडीत नोकरी आणि दुसऱ्या टोकाला खराडीत मुक्काम म्हणजे रोजचे काही तास रस्त्यावर जातात.

सहाव्या सेमिस्टरनंतरच्या इंटर्नशिपसाठी कॉलेजच्या कॅम्पस भरतीवर विसंबू नका, तिने स्वतः अर्ज करावेत. आणि करारपत्र तुम्हीही वाचा. ‘नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही’ ही अट करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. प्रशिक्षण खर्चाचा बाँड, म्हणजे ठरल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर तो खर्च भरून देण्याची अट, मात्र टिकू शकतो. त्यातली रक्कम आणि मुदत पाहूनच सही करू द्या. मूळ गुणपत्रिका कोणाच्याही ताब्यात देऊ नका, दाखवून परत घ्या.