उघडं तांबं, कोरं लाकूड

प्रश्न : पुण्याच्या तांबट आळीतून मठारकामाची, म्हणजे हातोडीने ठोकून घडवलेली, तांब्याची फुलदाणी आणली. आठवड्यात बोटांचे काळपट ठसे उमटले. लॅकर (पारदर्शक संरक्षक लेप) मारू का?

ठसे घामातल्या क्षारांचे आहेत. चिंच-मिठाने घासून भरपूर पाण्याने धुवा, लगेच कोरडी करा, मग स्पिरिटने पुसा. इथून पुढे उघडा हात लावायचा नाही. आंबटपणाचा अंश जरी राहिला, तरी लॅकरखाली हिरवा डाग फुटतो आणि सगळा थर थिनरने काढावा लागतो.

माझं मत विचाराल तर मठारलेल्या तांब्यावर लॅकर नकोच. हातोडीच्या प्रत्येक ठोक्यावर उजेड वेगळा पडतो, जाड थराखाली ते मारलं जातं. मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (खनिज तेलापासून बनणाऱ्या मेणाचा) पातळ हात द्या आणि मऊ सुती कापडाने चमकवा. मेण झिजतं, पण पुन्हा लावणं सोपं आहे.

प्रश्न : पाण्याच्या तांब्याला आतून काही लावावं का?

काहीही नाही. ताक, लिंबूपाणी मात्र त्यात कधीच ठेवू नका.

प्रश्न : मी सागवानी डबीवर तांब्याचा नक्षीदार पत्रा ठोकून वर जवसाचं तेल दिलं. आता पत्र्याच्या कडेने हिरवं धरतंय.

तेलातली मेदाम्लं तांब्याशी संयोग पावली की हिरवा, मेणचट थर तयार होतो. मधमाशीच्या मेणातही अशी आम्लं असतात, म्हणून ते तांब्यालगत नको. पत्रा शक्य असेल तर काढाच. जागेवर चिंच लावली तर ती लाकडात मुरेल. लाकूड १८० आणि मग २४० नंबरच्या पॉलिश पेपरने, रेषेच्या दिशेने घासा. सागात स्वतःचं तेल असतं, म्हणून पॉलिशच्या आधी थिनरने पुसून घ्या. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडी लाखेचे तीन-चार पातळ हात द्या, प्रत्येक हात वाळल्यावरच पुढचा. पत्र्याखालची बाजूही सोडू नका. लाख पूर्ण वाळली की साफ केलेला पत्रा बसवा. तयार डबीवर गरम कप मात्र ठेवू नका, लाखेवर पांढरा डाग पडतो.

प्रश्न : नव्या पोळपाटाला शेंगदाण्याचं तेल चालेल?

ते नीट वाळत नाही, चिकट राहतं आणि खवट होतं. खाण्यायोग्य, कच्चं जवसाचं तेल अगदी थोडं चोळा, अर्ध्या तासाने उरलेलं पुसून घ्या आणि दोन-तीन आठवडे वाळू द्या. हार्डवेअरच्या दुकानातलं ‘बॉइल्ड’ तेल इथे नको, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. तेल पुसलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ते उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.