‘दूध तरी पितंय की!’

“खातच नाही हो मॅडम. चिमणीएवढं टोचतंय आणि उठतंय.” निपाणीकडच्या एका खेड्यातून बस धरून बेळगावला आलेली आई, सोबत सासरे आणि पाच वर्षांचा मुलगा. भूक वाढवायचं टॉनिक हवं, एवढीच मागणी. (ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.)

वजन-उंची वयाला साजेशी होती. म्हणजे पोराच्या पोटात कुठून तरी जात होतंच. तीन दिवसांचं खाणं वहीत लिहून आणायला सांगितलं. वही आली: चतकोर भाकरी, दोन घास आमटीभात. मी वाचतेय, आणि समोर हा आंब्याच्या पेयाचं खोकं घेऊन बसलेला. नळी चावून चावून चपटी केलेली, तळातलं सुर्र करून ओढणं चाललेलं.

“हे वहीत नाही ते?”

“ते पिणं झालं की. खाणं कुठं?”

मग पिणं मांडलं. सकाळी, दुपारी, झोपताना असं तीनदा म्हशीचं दूध, प्रत्येक पेल्यात पावडर आणि दोन चमचे साखर. शाळा सुटली की आजोबांच्या खिशातलं खोकं. संध्याकाळी चहा. बेरीज साडेआठशे कॅलरींच्या आसपास गेली. या वयाला दिवसभरात लागतात तेराशे-चौदाशे. भाकरीला जागा उरणार कुठून? खोक्यात 20 ग्रॅम साखर होती. तेवढी, म्हणजे पाच चमचे, बशीत काढून दाखवली. आजोबा बघतच राहिले. पण हरले नाहीत. “मग याचा बाप रोज थंडाची बाटली रिचवतोय, त्याची भूक कशी मरत नाही? पोट तेवढं सुटलंय.”

प्रश्न अगदी नेमका होता. पोराचं पोट लहान, आणि पेला येतो ऐन जेवणाच्या तोंडावर. मोठा माणूस मधल्या वेळेत पितो. पातळ पदार्थ चावावा लागत नाही, पोटातून लवकर सरकतो, आणि शरीर त्याचा हिशेब नीट धरत नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचा 2000 साली छापून आलेला प्रयोग आहे. 15 जणांना रोज 450 कॅलरींच्या जेली गोळ्या चार आठवडे दिल्या, आणि चार आठवडे तेवढ्याच कॅलरींचा गोड सोडा. गोळ्या खाल्ल्या तेव्हा त्यांचं बाकीचं खाणं आपोआप घटलं. सोड्याच्या वेळी घटलं नाही, वजन मात्र वाढलं.

दूध बंद करा असं मी म्हटलं नाही. दोनच पेले, साखर-पावडरीशिवाय, तेही जेवणानंतर. जेवणाआधी दीड-दोन तास फक्त पाणी. दुधावरच भागवणाऱ्या मुलांना लोह कमी पडतं, म्हणून डॉक्टरांकडून हिमोग्लोबिनही बघून घ्यायला सांगितलं.

“दूध तरी पितंय की, ते पण काढून घेताय!” आजोबा दारापर्यंत पुटपुटत गेले.

पहिले दोन दिवस घरात रडारड. तिसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन: अख्खी भाकरी नाही, पण अर्धी गेली, आणि भरल्या वांग्यातला रस्सा मागून घेतला. बाजाराच्या दिवशी गुऱ्हाळावरचा अर्धा ग्लास रस आजोबांनी सोडवून घेतला आहे. त्यावर मी काही बोलले नाही.