ट्रंकेतल्या जर्मन मासिकांवरचं चिन्ह खोडू का?

प्रश्न : माझे आजेसासरे मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. माळा आवरताना त्यांच्या ट्रंकेत 'सिग्नल' नावाच्या जर्मन पाक्षिकाचे काही अंक आणि गरुड-स्वस्तिक छापलेली एक पुस्तिका निघाली. सासूबाई म्हणतात स्वस्तिक आहे, रद्दीत घालायचं नाही. मुलगी म्हणते नाझींचं आहे, घरात नकोच, निदान मार्करने काळं कर. झेरॉक्सवाला म्हणतो लॅमिनेट करा. काय करू? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : मार्कर ठेवून द्या, आणि लॅमिनेशन तर अजिबात नको, ते एकदा केलं की कागद परत सुटा होत नाही.

आधी चिन्हाचं बघू. व्हॉट्सअॅपवर फिरतं ना, की आपलं स्वस्तिक उजवीकडे वळतं आणि त्यांचं उलटं, ते चुकीचं आहे, दोन्ही उजवीकडेच वळतात. नाझींचं बहुतेकदा ४५ अंशात तिरकं असतं, पण सरळ उभं पण त्यांनी वापरलंय, म्हणजे ती खूणही पक्की नाही. ते कुठे बसवलंय ते बघा. गरुडाच्या पायात गोल माळ आणि माळेत स्वस्तिक असेल तर ते हिटलरच्या राजवटीचं चिन्ह, त्याचा देवघराशी काही संबंध नाही, सासूबाईंना हे बिनधास्त सांगा. गरुडाचे पंख सरळ आडवे पसरलेले असतील तर बहुतेक लष्कराचा, नाहीतर सरकारचा किंवा पक्षाचा, उडत्या पवित्र्यात असेल तर हवाई दलाचा. कुठे आयर्न क्रॉस, म्हणजे जर्मन लष्करी पदकाचा क्रॉस, दिसला तर तो मात्र नाझींच्या कितीतरी आधीचा, १८१३ चा, प्रशियाचा.

मुलीचं म्हणणं मला पटतं, पण काळं फासून उपयोग काय? पुरावाच जातो. 'सिग्नल' एप्रिल १९४० मध्ये सुरू झालं, जर्मन लष्कराच्या प्रचार खात्याचं, मुख्यतः जर्मनीबाहेरच्या वाचकांसाठी, वीसच्या वर भाषांत निघायचं आणि १९४३ च्या सुमारास खप २५ लाखांपर्यंत गेला होता. मधली रंगीत पानं बघा, त्या काळाच्या मानाने छपाई फारच देखणी, हसरे सैनिक, चकचकीत रणगाडे, आणि त्याच वर्षांत ज्यूंच्या छळछावण्यांत काय चाललं होतं त्याचा पत्ताच नाही. मुलीला तेच दाखवा. फक्त कव्हर फ्रेम करून हॉलमध्ये लावू नका बाई, येणाऱ्या-जाणाऱ्याला किती समजावत बसणार! जर्मनीत हे चिन्ह जाहीरपणे मिरवणं गुन्हा आहे, अभ्यासाला आणि शिक्षणाला सूट आहे.

आता कागद. युद्धकाळातला स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात आम्ल तयार होत राहतं म्हणून तो पिवळा पडून कडा तुटतात, आणि पुण्याचा पावसाळा म्हणजे बुरशी आणि कसरीला आमंत्रणच. पिना गंजल्या असतील तर ओढून काढू नका, कागदासकट येतील, जाणकाराकडून काढून घ्या. सेलोटेप नको, डांबरगोळ्या पण नकोत. प्रत्येक अंक पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात घाला, वास मारणारी पीव्हीसीची पाकिटं शाईला चिकटतात. मग आम्लविरहित पुठ्ठ्याच्या बॉक्समध्ये आडवे ठेवा, बाहेरच्या भिंतीला न टेकवता, उन्हापासून लांब. माळ्यावर परत नाहीच. वाचायचं असेल तर फोटो काढून वाचा. आणि आजेसासऱ्यांचं नाव, पलटण, कुठून आणलं हे सासूबाईंना जेवढं आठवतंय तेवढं आजच लिहून घ्या, वेगळ्या चिठ्ठीवर, पेन्सिलने. जुन्या बाजारात असा सुटा अंक मिळेलही एखादा, पण त्याच्यामागे हा माणूस नसतो.

पुस्तिकेवर साल नसेल तर अक्षरं बघा. काटेरी गॉथिक वळणाची असतील तर ती बहुधा १९४१ च्या आधीची. ३ जानेवारी १९४१ ला नाझी पक्षाचा बडा अधिकारी मार्टिन बोरमन याने फतवा काढला की ही लिपी ज्यूंची आहे, इथून पुढे साधी रोमन वापरा. दावा धादांत खोटा, आणि गंमत म्हणजे ज्या लेटरहेडवर तो फतवा निघाला त्याच्यावरची छपाई त्याच गॉथिक अक्षरांत होती. तुमच्या पुस्तिकेच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवा, फ्लॅश न मारता.