मान्यता नसलेलं परदेशी सरकार आपल्या कोर्टात केस करू शकतं का?

तुम्ही विचारलंय की भारताने मान्यता न दिलेलं सरकार, समजा तालिबान, इथे दावा लावू शकतं का. अवघड आहे, पण आधी देश आणि सरकार वेगळे धरा, सगळा गोंधळ तिथेच होतो. आपल्या सीपीसीचं (दिवाणी प्रक्रिया संहिता, म्हणजे दिवाणी दावे कसे चालवायचे याचा कायदा) कलम ८४ म्हणतं परकीय राज्य दावा लावू शकतं आणि ८७ए सांगतं की परकीय राज्य म्हणजे केंद्र सरकारने मान्यता दिलेलं राज्य, म्हणजे देशालाच मान्यता नसेल तर या कलमाचा उपयोग नाही. अफगाणिस्तानला देश म्हणून मान्यता आहेच, प्रश्न एवढाच की त्याच्या नावाने वकीलपत्रावर सही कोणी करायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपण काबूलच्या टेक्निकल मिशनला परत दूतावासाचा दर्जा दिला, पण ती तालिबानला औपचारिक मान्यता नव्हे.

यावर मला सगळ्यात पटलेली केस लंडनची. १९९१ मध्ये सोमालियाच्या सरकारने तांदूळ घेतला, तो जहाजाने मोगादिशूला जायचा होता, पण तिथे यादवी पेटली आणि माल उतरवता येईना, म्हणून तांदूळ विकून पैसे कोर्टात जमा झाले. मग एका अंतरिम सरकारच्या वतीने सॉलिसिटर ते पैसे मागायला आले. ब्रिटनने १९८० पासून सरकारांना मान्यता देणंच बंद केलेलं, त्यामुळे न्यायमूर्ती हॉबहाउस यांनी स्वतः तपासलं की हे घटनेप्रमाणे आलेत का, देशावर ताबा किती, ब्रिटिश सरकार यांच्याशी कसा व्यवहार करतं. राजधानीसुद्धा धड ताब्यात नव्हती, पैसे मिळाले नाहीत. मला हे अगदी बरोबर वाटतं, कारण तो पैसा उपाशी जनतेचा होता, एकदा भलत्याच्या हाती गेला की कोण परत आणणार?

अमेरिकेत हे जास्त कडक आहे. १९२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने सोव्हिएत सरकारला वादी म्हणून उभंच केलं नाही. १९७८ च्या फायझर केसमध्ये तर अँटिबायोटिक्सच्या किमतींवरून खुद्द भारत सरकार वादी होतं, आपल्याला परवानगी मिळाली, पण सुप्रीम कोर्टाने बजावलं की हा हक्क अमेरिकेने मान्यता दिलेल्या आणि युद्ध नसलेल्या सरकारांनाच. मान्यता नसलेल्या तैवानसाठी मात्र १९७९ मध्ये वेगळा कायदाच करून दावा लावायचा हक्क शाबूत ठेवला.

आणि हो, हे सगळं सरकारपुरतं. काबूलच्या सुकामेवा व्यापाऱ्याचे पैसे इथल्या कोणी बुडवले तर तो कलम ८३ प्रमाणे आपल्या कोर्टात सरळ दावा लावू शकतो, तिकडे सत्तेवर कोण आहे याचा त्याच्याशी संबंध नाही.