सिस्टरांना विचारा : खलबत्ता जरा बाजूला ठेवा

प्रश्न : मी वाईजवळच्या एका वृद्धाश्रमात सहा वर्षं काळजीवाहक आहे. सकाळची औषधं माझ्याकडे असतात. 22 जणांपैकी पाच जणांना गोळी गिळता येत नाही. एका आजोबांना अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून पाण्याबरोबर गोळी दिली की जोराचा ठसका लागतो. एका आजींना विसरण्याचा आजार आहे, त्या गोळी गालात धरून ठेवतात. परवा त्यांच्या उशीखाली चार गोळ्या सापडल्या. म्हणून आम्ही ज्याच्या त्याच्या सगळ्या गोळ्या एकत्र कुटून शिऱ्यात नाहीतर वरणभातात कालवतो. नवीन आलेली मुलगी म्हणते, हे चुकतंय. डॉक्टर पंधरा दिवसांनी येतात. काय करावं?

उत्तर : ताई, त्या मुलीला माझी शाबासकी सांगा. तुम्ही मात्र वाईट वाटून घेऊ नका, मीही हेच करत असे.

1993ची गोष्ट. वॉर्डात रात्रपाळीला होते. एका आजोबांची प्रेशरची निफेडिपिनची गोळी मी खलात कुटली आणि मधातून चाटवली. गोळीच्या नावापुढे ‘रिटार्ड’ असं छापलेलं होतं. ते मी रोज वाचत होते, पण त्याचा अर्थ कधी कुणाला विचारला नव्हता. ती गोळी बारा तास थोडी थोडी विरघळावी अशी बनवलेली असते. मी कुटली आणि बारा तासांचं औषध एकदम अंगात गेलं. तासाभरात आजोबा घामाघूम, प्रेशर हाताला लागेना. पहाटेपर्यंत सलाईन धरून त्यांच्या उशाशी बसले. ते वाचले, पण खलाचा आवाज आला की अजून माझ्या पोटात गोळा येतो.

म्हणून आधी स्ट्रिपा वाचा. नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल, सीआर, रिटार्ड, क्रोनो असं काही असेल तर ती गोळी कुटायची नाही. पॅन्टोप्राझोलसारख्या गोळीवरचा थर पोटातल्या आम्लापासून औषध वाचवण्यासाठी असतो. तो फोडला की औषध वायाच जातं. सांधेवातासाठी मेथोट्रेक्सेट कुणाला असेल तर ती कुटून तिची पूड तुमच्याच नाकात जाऊ देऊ नका. (आणि ती आठवड्यातून एकदाच आहे ना, हेही पुन्हा बघा. रोज दिली गेली तर जिवावर बेततं.) हाडांसाठी अलेन्ड्रोनेट असेल तर गिळायला त्रास असलेल्या माणसाला ती नकोच, असं मी डॉक्टरांना स्पष्ट सांगेन. ती अन्ननलिकेत अडकली की जखम करते.

घरचे लोक स्ट्रिपा कापकापून डब्यात भरून आणतात, तेव्हा नावाचा तुकडा नेमका घरी राहतो. अख्ख्या स्ट्रिपाच आणा, असं त्यांना बजावा.

डॉक्टरांची वाट पाहू नका, आजच फोन करा. पाच जणांची यादी समोर ठेवून दोनच प्रश्न विचारा. यातली कुठली औषधं आता बंद करता येतील? आणि उरलेल्यांत सिरप, पाण्यात विरघळणारी गोळी किंवा पट्टी कशाची मिळेल? विसरण्याच्या आजारावरच्या रिव्हास्टिग्मिनची पट्टी कातडीवर लावता येते. मात्र आपल्या मनाने एकही गोळी थांबवू नका.

आता आजोबा. त्यांचा शत्रू गोळीपेक्षा पाणी आहे. पाणी घशातून इतकं झरकन उतरतं की अर्धांगानंतर मंदावलेल्या घशाला श्वासनलिका वेळेत मिटता येत नाही. सिरपही पातळच असतं, हे विसरू नका. त्यांना ताठ बसवा, उशीला रेलून नाही. आपण मान मागे टाकून गोळी घेतो, ती सवय इथे घातक आहे. हनुवटी किंचित छातीकडे हवी. चमचा धडधाकट बाजूने तोंडात द्या. घट्टसर पेज किंवा कस्टर्ड चालेल, पण किती घट्ट ते स्पीच थेरपिस्टने तपासून ठरवायचं. हो, गिळण्याची तपासणी तेच करतात. उष्टा चमचा त्याच वाटीत बुडवत राहिलात तर लाळेने पेज पातळ होते, म्हणून वाटीतली थोडी दुसरीकडे काढून घ्या. आणि स्टार्चच्या पावडरीने घट्ट केलेल्या पाण्यात पोट साफ होण्याची पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पूड मिसळू नका, ते पुन्हा पाण्यासारखं होतं.

दर घासानंतर त्यांना नाव विचारा. आवाज ओला, घशात पाणी खळखळल्यासारखा आला तर थांबा. ठसका लागला नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नसतं. सारखा ताप आणि कफ येत असेल तर अन्न छातीत जात असल्याची शंका घ्या. दिल्यावर अर्धा तास आडवं करू नका.

आजींचं वेगळं आहे. त्यांचं तोंड कोरडं असेल तर आधी ओलं करा, एका वेळी एकच गोळी, मग गाल आणि कवळीखाली बघा. शिऱ्यात लपवण्याचं मला पटत नाही. अर्धा शिरा ताटात राहिला तर औषध किती गेलं? वर शिरा कडू लागला की त्या जेवणच सोडतील. कुटायला परवानगी असलेली गोळी एका चमच्यात, सांगून द्या. त्यांना समजत असेल आणि त्या ‘नको’ म्हणाल्या तर ते नकोच. समजत नसेल तर लपवून द्यायचं की नाही हे डॉक्टर आणि घरच्यांनी मिळून ठरवायचं आणि लिहून ठेवायचं. ती जबाबदारी तुमच्या एकटीवर नको.

वेळ जास्त लागेल, म्हणून या पाच जणांना फेरीत शेवटी घ्या. त्यांच्यात कुणी पार्किन्सनचे असतील तर मात्र त्यांची लेव्होडोपा घड्याळाच्या ठोक्याला, जेवणाआधी अर्धा तास. तिचा अंमल चढला की बऱ्याच जणांना घासही नीट उतरतो.